धुराच्या दिवसांतलं पिंप

मंगळवारपासून पुन्हा धूर आहे. त्या सकाळी रॅफल्स प्लेसला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, वर आलो तर समोरच्या इमारतींचे वरचे मजले नव्हते. म्हणजे होतेच, पण दिसत नव्हते. माणसं मास्क लावून, फोनवर हवेचा आकडा बघत, मान खाली घालून चालली होती. पलीकडच्या बेटांवर रान जळतं, वारा या बाजूला वळतो आणि दोन-चार वर्षांनी एकदा हे धुतलेलं-पुसलेलं शहर ओल्या लाकडांच्या चुलीसारखं वास मारू लागतं. इथे याला हेझ म्हणतात. सिंगापूरला ऋतूच नाहीत, अशी तक्रार आम्ही मंडळी पुण्या-मुंबईला फोन केला की करतो. बारा महिने तेच ऊन, तोच पाऊस. पण मला विचाराल तर हा एक ऋतू आहे, आणि तो मला सोसत नाही.

संध्याकाळी घरी खिडकी उघडी राहिली होती. मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, क्लोज द विंडो लाह. सो स्मेली." तिची परीक्षा आहे. मी खिडकी लावली, सोफ्यावर बसलो. हल्ली बसलो की उठवत नाही. दिवसभरात काही फार केलेलं असतं असं नाही, पण अंगातून कुणीतरी वाटी-वाटीने काहीतरी काढून घेत असल्यासारखं वाटतं. तेवढ्यात फोन वाजला. चीफचा मेसेज होता. "शनिवारी चारला उघडतोय. ये."

मी फोन उलटा करून ठेवला. चार वर्षांनी आला होता हा मेसेज.

चीफ म्हणजे दळवी. मूळचे रत्नागिरीकडचे, उभं आयुष्य बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. चीफ इंजिनीअर होऊन इतकी वर्षं झाली की इथल्या मराठी मंडळींत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. वहिनीसुद्धा फोन उचलला की "चीफ झोपलेत" असंच सांगतात. राहतात यिशुनला, नवव्या मजल्यावर. आणि ते शनिवारी चारला जे उघडतात ते बिअरचं पिंप.

बिअर म्हटलेलं त्यांना खपत नाही. "एल म्हण," ते म्हणतात. पंचविशीत त्यांची बोट इंग्लंडच्या उत्तरेकडे, हल बंदरात, दुरुस्तीसाठी अडीच महिने अडकून पडली होती. थंडी, भुरभुर पाऊस आणि गोदीच्या फाटकासमोर एक पब. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने या कोकणातल्या तरुणाला तळघरात नेऊन पिंपं दाखवली. ही एल, म्हणजे तिथली जुन्या पद्धतीची बिअर, पिंपात भरल्यावरही जिवंत असते, आतलं यीस्ट सावकाश काम करत राहतं. तिच्यात बाहेरून गॅस भरायचा नाही. बर्फासारखी गार करायची नाही. पिंप आणलं की आडवं ठेवायचं, हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. वरच्या भोकात लाकडाची खुंटी असते, तिच्यातून तिला जरा श्वास घेऊ द्यायचा. मग तोटी ठोकायची. आणि एकदा उघडलं की तीन दिवसांत संपवायचं, कारण हवा लागली की तिचं वय व्हायला लागतं. चीफ हे सांगू लागले की पिंपाबद्दल बोलताहेत की घरात आणलेल्या बाळंतिणीबद्दल, असं वाटायचं.

पण त्या पबातली त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. एखाद्याला आपल्या ग्लासातली एल बिघडलेली वाटली तर तो उठून ग्लास परत काउंटरवर ठेवायचा. म्हणायचा, ही बरी नाही. मालक वाद घालायचा नाही की तोंड वाकडं करायचा नाही. ग्लास नाकाशी न्यायचा, मान हलवायचा आणि दुसऱ्या पिंपातून भरून द्यायचा.

"अरे, आपण त्यांच्या पायावर पाय दिला तरी तेच सॉरी म्हणतील अशी माणसं ती," चीफ म्हणायचे. "पण इथे सॉरी-बिरी नाही. सांगणारा चांगला माणूस. गुपचूप अर्धा ग्लास टाकून जाणारा वाईट. त्याने पिंपाचा घात केला आणि मालकाचाही."

मी मान डोलवायचो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे मला जमणारं नाही. माझ्या घरात शिकवण नेमकी उलटी. पानात पडलेल्याला नावं ठेवायची नाहीत. आमचे वडील एकदा एका लांबच्या मामांकडे नासलेल्या दुधाचा चहा अख्खा कप प्यायले होते. वर मामींना म्हणाले, आलं छान पडलंय. रस्त्यात आल्यावर त्यांनी आम्हा भावंडांकडे बघितलं, आणि चालण्यात एक ऐट होती. माणूस कसा असावा याचा धडा आम्हाला त्या दिवशी मिळाला. मी तो इतका पक्का गिरवला की आजवर कुणाच्या घरी मीठसुद्धा मागून घेतलेलं नाही.

गंमत अशी की बँकेत माझं कामच खोट काढण्याचं आहे. लोक कागद पाठवतात आणि मी त्यात काय चुकलंय ते सांगतो. नाही, हे चालणार नाही, परत पाठवा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा नाही म्हणतो आणि त्यासाठीच मला तिथे बसवलं आहे. मग संध्याकाळी कुणाच्या दारात चपला काढल्या की ती जीभही बाहेरच राहते.

चीफची ओळख झाली मंडळाच्या गणपतीत. मूर्तीमागचे दिवे गेले होते आणि हा मनुष्य लुंगी खोचून टेबलाखाली शिरला होता. दिवे लागल्यावर मला म्हणाला, "शनिवारी काय करतोस?" मी म्हटलं, झोपतो. "मग ये यिशुनला. झोपेपेक्षा बरं काहीतरी देतो."

पहिला घोट मला अजिबात आवडला नाही. मऊ, जेमतेम गार, फेस म्हणावा तर नावाला. बाहेर तेहेतीस अंशांचं ऊन, आणि हा माणूस मला तळघराच्या गारव्याची बिअर पाजतोय. मी अर्थात छान म्हणालो. चीफ हसले. म्हणाले, "आज खोटं चालेल. चौथ्या वेळेला खरं बोल."

आणि खरंच चौथ्या-पाचव्या वेळेला काहीतरी झालं. घाई न करता तोंडात धरली तर तिच्यात एकामागून एक चवी येत होत्या. आधी पावाच्या कडेची, जरा करपलेली. मग भाजलेल्या सातूच्या पिठाची. मग कुठून तरी संत्र्याच्या सालीचा वास, आणि शेवटी मेथीसारखा कडूपणा, जो गिळल्यावरही जिभेच्या मागे बसून राहतो. तो कडूपणा मला फार आवडायला लागला. आठवडाभर गोड बोलून आणि गोड ऐकून झाल्यावर त्याने तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटे.

चीफ एल घरीच बनवत. घरापुरती बनवायला इथे मुभा आहे. आमच्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये एक बिनखिडकीची खोली असते, जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची. युद्धबिद्ध झालंच तर घरच्यांनी आत बसावं म्हणून सरकारने बांधून दिलेली. युद्ध काही झालं नाही, त्यामुळे सगळ्यांच्या घरी त्यात तांदळाच्या पिशव्या आणि सुटकेसेस असतात. चीफच्या घरी वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या, गणपतीच्या मखराचं खोकं आणि एक जुना आडवा फ्रीझर होता. त्याला चीफनी असं काही जोडलं होतं की आत बरोबर बारा अंश राहत. त्यात वीस लिटरचं पोलादी पिंप झोपलेलं असायचं. वहिनी एक थेंबही पीत नाहीत. पण तांदूळ काढायला आत गेल्या की बाहेर येऊन सांगायच्या, "अहो, तुमचं आज जरा पिकल्या केळ्यासारखं येतंय." चीफ तेवढं वहीत लिहून ठेवत.

असे शनिवार किती झाले कोण जाणे. चारला पिंप, पाचला वहिनींची कांदाभजी, सहाला खाली बाकावर बसून शेजारच्या चिनी आजोबांशी फक्त मान हलवून बोलणं. दोन ग्लासांच्या वर कधी नाही. मी त्यांच्या घरून परत येताना एमआरटीत उभा राहिलो तरी थकलेला नसायचो. आता वाटतं, तेवढेच काय ते दिवस.

मग तो ऋतू आला, ज्यामुळे हा मेसेज मी उलटा ठेवला.

त्या वर्षी मार्चमध्ये चीफ बोटीवर होते. तिथे त्यांना ताप आला, असा की बोट बंदरात शिरेपर्यंत थांबता आलं नाही. त्यांना चादरीत गुंडाळून लाँचमध्ये उतरवलं. दोन महिने दवाखाने झाले. माणूस निम्मा होऊन परत आला, पण आला. वरण-भातावर दोन-दोन चमचे लोणचं घ्यायला लागला. आम्ही म्हटलं, आजारातून उठलाय, तोंडाला चव नसेल. एल करायचं तर नावच नव्हतं. कंपन्यांनी त्यांच्या वयाच्या माणसाला पुन्हा बोलावायचंही काही कारण नव्हतं.

आणि सप्टेंबरमध्ये बोलावलं. एका बोटीचा चीफ आजारी पडला होता, दहा दिवसांत सिंगापूरहून चढायचं, चार महिन्यांचं काम. चीफनी मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज विशीतल्या माणसाचा होता.

"जायलाच हवं का?" मी विचारलं.

"श्रीधर, मी आयुष्यात पस्तीसएक बोटी केल्या. प्रत्येक बोटीवरून बॅग खांद्याला लावून शिडी उतरलो. शेवटची तेवढी चादरीतून. मला एकदा माझ्या पायांनी उतरायचंय रे, मग बसतो घरी."



त्याच आठवड्यात धूर आला. शाळांनी मैदानं बंद केली, मास्क संपले, यिशुनच्या ब्लॉकमधल्या सगळ्या खिडक्या लागल्या. वहिनी पासिर रिसला लेकीकडे होत्या; तिचं दुसरं बाळंतपण झालं होतं. चीफ घरी एकटेच. आणि त्यांनी आजारानंतरचं पहिलं पिंप लावलं होतं. मला मेसेज आला, शनिवारी चारला.

मी गेलो तेव्हा घरात दोन्ही एसी लावलेले, हवा साफ करायचं एक यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं. चीफनी तोटी उघडली, ग्लास उजेडाकडे धरला. रंग सुरेख होता, तांब्यासारखा. त्यांनी नाकाशी नेला. डोळे मिटले.

"पावाची कड," ते म्हणाले. "सातू. थोडी संत्र्याची साल."

मग एक घोट घेतला आणि ग्लास माझ्या हातात दिला.

मी तो तोंडाजवळ नेला आणि मला कळलं. पोतेऱ्याचा वास होता त्याला. धुऊन, न पिळता, बादलीत दोन दिवस विसरलेल्या पोतेऱ्याचा, आणि त्यामागे कुजक्या कोबीचा. काहीतरी शिरलं होतं पिंपात, एखादी खुंटी नीट उकळलेली नसेल. जिभेवर मात्र फार काही नव्हतं, तोच तो कडूपणा. सगळा बिघाड वासात होता. मी एक घोट घेतला. गिळला.

चीफ माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं तिथे पीत होतो, पण असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शाळेच्या निकालाच्या दिवशी बोर्डासमोर उभं राहून मुलं बघतात तसं.

"कशी झालीये?"

"छान," मी म्हणालो.

"खरं सांग. या धुराने मला नीट कळत नाहीये."

"खरंच छान झालीये, चीफ. मस्त."

मी काय विचार केला होता ते मला आजही स्पष्ट आठवतं. आजारातून उठलेला माणूस, घरात एकटा, पहिलंच पिंप. त्याचं मन मोडायला मी कोण? वडिलांचा नासक्या दुधाचा चहा मला आठवलाच होता, आणि मला माझा थोडा अभिमानही वाटत होता.

चीफनी खुर्चीत अंग टाकलं. "बरं झालं," ते म्हणाले. "आजारपणात माझं नाक गेलं होतं. कुणाला बोललो नाही, हिलाही नाही. हळूहळू परत येतंय असं वाटत होतं, तेवढ्यात हा धूर. काही समजेना, वास येत नाहीये तो धुरामुळे की माझ्यामुळे. डॉक्टर डोळे बघतो, कान बघतो, रक्त बघतो. नाक कुणी बघत नाही. पण इंजिनरूममध्ये मीटर सांगतो त्याच्या आधी नाक सांगतं. बेअरिंग तापलं, वायर जळाली, तेल गळलं, पहिलं इथे." त्यांनी नाकावर बोट ठेवलं. "माझ्या हाताखाली सात-आठ पोरं असतात. नाक नसलेला चीफ घेऊन जाणं म्हणजे त्यांना मारणं. म्हणून म्हटलं, पिंप लावू. मला जे येतंय तेच श्रीधरला येत असेल तर जायचं."

मी ग्लासाकडे बघत होतो.

"मग मी हो कळवतो," ते म्हणाले. "उद्या रविवार, सोमवारी कागद."

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य सोपं होतं. चीफ, याला वास मारतोय. चार शब्द. पण एकदा छान म्हटल्यावर ते परत कसं घ्यायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मघाशी खोटं बोललो असं आता सांगायचं, म्हणजे त्यांचं नाक गेलंय हे सांगायचं आणि मी कसा आहे हेही. मी दुसरा ग्लास घेतला. खरंच घेतला, आणि संपवला. मग लिफ्टपर्यंत ते सोडायला आले. पाठीवर थाप मारली. म्हणाले, "तू होतास म्हणून."

घरी येऊन मी आजारी असल्यासारखा पडून राहिलो. बायकोने विचारलं तर धुराने डोकं धरलंय म्हणालो. पहाटे पाऊस आला, चांगला तासभर कोसळला, आणि सकाळी बघतो तर सगळं स्वच्छ. समोरच्या ब्लॉकच्या गॅलरीतले कपडे, झाडांची पानं, सगळं पहिल्यासारखं. खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवरून कॉफीचा वास येत होता. मी आंघोळ केली आणि यिशुनला निघालो. सांगायचंच म्हणून निघालो होतो. हे मी आजवर दोघांनाही सांगितलेलं नाही, कारण आता त्याचा उपयोग काय.

दार वहिनींनी उघडलं. लेकीकडून त्या सकाळीच परत आल्या होत्या.

"भाऊजी," त्या हळू म्हणाल्या, "काल तुम्ही प्यायलात ते?"

"हो."

"मी तांदूळ काढायला दार उघडलं तर मला उभं राहवेना."

आत चीफ जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर स्वयंपाकघरातल्या डब्या मांडलेल्या, सगळ्यांची झाकणं उघडी. कॉफी, वेलची, लसूण, कापूर. वहिनी एकेक त्यांच्या नाकाशी धरत होत्या आणि ते डोळे मिटून सांगायचा प्रयत्न करत होते. शेवटची डबी हिंगाची होती. मी दारात उभा होतो तरी मला तो हिंग येत होता. जिन्यातून कुणी जात असता तर त्यालाही आला असता.

चीफनी डोळे उघडले. "हिंगसुद्धा नाही रे," ते म्हणाले.

खिडक्या सताड उघड्या होत्या. धूर नव्हता. त्यामुळे कशावर ढकलायलाही काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तुला काल वास आला होता?"

"आला होता."

"मग?"

मी उभाच होतो. "तुमच्या घरी येऊन," मी म्हणालो, "कसं सांगायचं म्हणून..."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. डब्यांची झाकणं एकेक करून लावत ते म्हणाले, "मी तुला पाहुणा म्हणून नव्हतं रे बोलावलं."

मग त्यांनी फोन करून कंपनीला नाही कळवलं. दोन मिनिटांचं बोलणं. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून पिंप बाथरूममध्ये नेलं आणि ओतलं. वीस लिटर जायला फार वेळ लागतो. तो तांब्याचा रंग जाळीतून खाली जाताना वहिनी बाहेर उदबत्ती लावत होत्या, आणि चीफ दाराला टेकून, ज्याचा त्यांना वास येत नव्हता ते नीट बघत होते.

पुढे काही मोडलं वगैरे नाही. गणपतीत भेटतो. ते माझ्या मुलीची चौकशी करतात, मी त्यांच्या गुडघ्यांची. मधल्या काळात त्यांनी पुन्हा एल करायला घेतली हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. कडू तेवढं जिभेला कळतं, बाकी आठवणीवर पितो, असं ते म्हणाले म्हणे. पण शनिवारचं बोलावणं आलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. माझे शनिवार झोपेत जातात. झोपूनही सोमवारी तसाच उठतो. कधीकधी बँकेत एखाद्या कागदावर 'नाही' लिहिताना हात थांबतो. वाटतं, हे किती सोपं आहे, आणि एकदाच जिथे लिहायचं होतं तिथे माझा हात उठला नाही.

वडिलांचं नाव पुढे करून सुटता येईल, असं मी बरेच दिवस मनाशी मांडून पाहिलं. पण वडील प्यायले तो चहा त्यांच्या स्वतःच्या पोटात गेला. कुणी त्यांच्या 'छान'वर भरवसा ठेवून बोटीवर चढणार नव्हतं. एवढा फरक मला त्या दिवशी कळायला हवा होता, आणि मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो.

काल शनिवार होता. गेलो. एमआरटीतून यिशुनला उतरलो तर धूर तसाच, दिवे लावलेल्या बसगाड्या दुपारी चारला पिवळ्या दिसत होत्या. वाटेत मी मनातल्या मनात एकच मागत होतो. आज पिंप बिघडलेलं असू दे. थोडं तरी बिघडलेलं असू दे, म्हणजे मला सांगता येईल. चीफ, ही बरी नाही. वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, चार वर्षं उशीर झालेलं.

चीफ आणखी वाळले आहेत. लुंगी तीच असावी. त्यांनी काही जुनं काढलं नाही, बस म्हणाले. वहिनी आत पीठ भिजवत होत्या. तिथूनच त्यांनी मुलीच्या परीक्षेचं विचारलं. हवा साफ करायचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं. चीफनी तोटी उघडली, ग्लास उजेडाकडे धरला, आणि नाकाशी न नेताच माझ्या हातात दिला.

मी वास घेतला. मग पुन्हा घेतला. पाव, सातू, संत्र्याची साल. एक घोट तोंडात धरला. मेथीचा कडूपणा आला, आणि जिभेच्या मागे बसून राहिला. इतकी नीट झालेली एल मी त्या घरात प्यायलो नव्हतो. मी तिच्यात खोट शोधली, मनापासून शोधली. जरा गार कमी आहे म्हणावं, जरा पातळ आहे म्हणावं, म्हणजे तरी त्यांना पटेल की हा आता खरं बोलतो. पण तसं काही नव्हतं, आणि नसलेलं काढून दाखवणं म्हणजे पुन्हा तेच.

"छान आहे," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच चार वर्षांपूर्वीचा वाटला. शब्द तोच, चेहराही बहुधा तोच.

"चीफ, खरंच छान आहे."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातून ग्लास घेतला, पण ओठांना लावला नाही. तिरकस काही नव्हतं त्यांच्या मनात, चार वर्षांची सवय होती ती. ग्लास आतल्या दाराकडे धरून त्यांनी हाक मारली, "अगं, जरा बघतेस का?"

"आले. हात पिठाचे आहेत," वहिनी म्हणाल्या.

नळ सुरू झाल्याचा आवाज आला. चीफ ग्लास धरून होते, मी रिकाम्या हातांनी. वहिनी हात पुसत बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.